कोयता म्हणजे किती माणसं?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात मुकादमांच्या वह्या उघडतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज या भागांतून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वहीत नाव, गाव, कोयते आणि उचल एवढंच असतं. एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. उचल जोडीवर मिळते, नाव मात्र नवऱ्याचं लिहिलं जातं. मुकादमाच्या कामाला एवढं पुरतं. कुणाला किती दिले, किती फिटले, किती अंगावर राहिले, हे त्याला त्या वहीतून कळतं.

आता समजा, ही वही संगणकावर घ्यायची ठरली. अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला एखादा हुशार मुलगा हे काम दोन दिवसांत करून देईल. आजच्या फ्रेमवर्कमध्ये त्याला डेटाबेसची भाषा लिहावीही लागत नाही. 'कामगार' नावाचा क्लास लिहायचा, त्यात नाव, गाव, कोयते, उचल, हंगाम असे रकाने द्यायचे, मागचं टेबल आपोआप तयार होतं. नोंदी भरतात, यादी दिसते, बेरीज जुळते. मग जिल्हा परिषदेतून कुणीतरी विचारतं, यंदा बायका किती गेल्या? त्यांतल्या गरोदर किती? त्या टेबलात बाई नाहीच. ती नवऱ्याच्या ओळीत 'एक कोयता' या आकड्याच्या पोटात गेलेली आहे, आणि कितीही भारी क्वेरी लिहिली तरी तिला तिथून बाहेर काढता येत नाही.

प्रोग्रामरला डेटाबेस किती कळायला हवा, हा सॉफ्टवेअरच्या जगातला जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, साधनं इतकी चांगली झाली आहेत की टेबल, जॉइन, इंडेक्स यांत डोकं घालायची गरज नाही. त्यासाठी वेगळा जाणकार, म्हणजे डीबीए, असतो, किंवा आता तोही लागत नाही. दुसरी बाजू म्हणते, ज्याला एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा येत नाही त्याच्या हातात लोकांच्या नोंदी देऊ नयेत. मी या कामात वीस वर्षं आहे आणि दोन्ही बाजूंना बसून भांडलेलो आहे. माझं मत असं झालं आहे की हा वाद भाषेवरून आणि साधनांवरून लढला जातो, पण त्यातलं खरं कौशल्य नोंद समजून घेण्याचं आहे. आणि ते कौशल्य आपल्याकडे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून तलाठ्याच्या दप्तरात होतं.

आधी वादाची मुळं पाहू. १९६०च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडणारी पद्धत बनवली. प्रोग्रामरनं एका नोंदीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात हवं ते शोधायचं. १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना बाकमन यांनी प्रोग्रामरला खलाशाची उपमा दिली होती: माहितीच्या समुद्रातून वाट काढणारा. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७० मध्ये, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी अगदी वेगळा विचार मांडला होता. सगळी माहिती साध्या टेबलांत ठेवा, टेबलं एकमेकांशी फक्त मूल्यांनी जोडा, आणि वाट शोधण्याचं काम यंत्रावर सोडा. काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते सांगू नका. आपण तलाठ्याकडे जातो तेव्हा कोणत्या गठ्ठ्यातलं कितवं पान काढायचं हे सांगत नाही. गट नंबर सांगतो. कॉड यांना संगणकाकडून तेच हवं होतं.

१९७४ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथं एका परिषदेत हे दोघं समोरासमोर आले. बाकमन यांच्या बाजूच्यांची शंका खोटी नव्हती: मुरलेला प्रोग्रामर जी जवळची वाट शोधतो, ती यंत्राला कशी सापडणार? कॉड यांच्या बाजूचं उत्तर होतं की प्रश्न सामान्य माणसालाही विचारता आला पाहिजे. त्याच परिषदेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 'सीक्वेल' नावाची भाषा मांडली. ते नाव विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून पुढं ते एसक्यूएल झालं. बॉइस त्याच वर्षी, अगदी तरुण वयात गेले. त्यांची भाषा आज पन्नास वर्षांनंतरही बँकेपासून रेशन दुकानापर्यंत चालते आहे.

कॉड यांची बाजू जिंकली, असं पुस्तकं सांगतात. पण १९९०नंतर जावासारख्या ऑब्जेक्टच्या भाषा आल्या आणि खलाशी परत आला. प्रोग्रामर ऑब्जेक्टमध्ये विचार करतो, डेटाबेस टेबलांत. या दोहोंमध्ये दुभाष्या हवा म्हणून ओआरएम नावाची साधनं निघाली. २००१ मध्ये हायबरनेट, २००४ मध्ये रेल्सचं ॲक्टिव्ह रेकॉर्ड, मग जँगो. यांत टेबलं दिसतच नाहीत. एका ऑब्जेक्टवरून टिंब देऊन दुसऱ्यावर जायचं, तिथून तिसऱ्यावर. नीट पाहिलं तर ही बाकमन यांचीच वाट आहे, फक्त आता ती एसक्यूएलच्या डोक्यावर बांधलेली आहे. २००६ साली टेड न्यूअर्ड यांनी ओआरएमला संगणकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं: सुरुवातीला सोपं वाटतं, हळूहळू पाय आत जातो, आणि बाहेर पडायची वेळ सापडत नाही.

हा पाय कसा जातो, ते आपल्या गावाच्या उदाहरणानं सांगतो. गावात चारशे खातेदार आहेत. प्रत्येकाच्या नावापुढं त्याच्या जमिनीचं एकूण क्षेत्र हवं आहे. ओआरएममध्ये हे लिहायला सोपं: खातेदारांची यादी घ्या, एकेक खातेदार घेऊन त्याच्या जमिनी मागा, बेरीज करा. तीन-चार ओळींचा कोड, वाचायलाही सुंदर. मागं काय होतं? यादीसाठी एक क्वेरी, आणि मग प्रत्येक खातेदारासाठी एकेक, म्हणजे आणखी चारशे. तलाठ्याला चारशे एक वेळा उठवून कपाटाशी पाठवायचं आणि दर वेळी एकच पान मागायचं, तसं. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर चाचणीची दहा नावं असतात, तिथं हे जाणवत नाही. खऱ्या कामाला लागलं, तालुक्यातली सगळी गावं आली, की स्क्रीन फिरत राहते आणि रांगेतला माणूस ऐकतो, 'सर्व्हर डाऊन आहे.' दोन टेबलं जोडून खात्यावार बेरीज मागणारी एकच क्वेरी हे काम एका फेरीत करते. या दुखण्याला प्रोग्रामर 'एन प्लस वन' म्हणतात, आणि नवीन यंत्र विकत घेऊन ते बरं होत नाही.

इथं आपल्या जवळचं एक काम सांगायला हवं, कारण ते या वादात तिसरी वाट काढतं. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक एस. सुदर्शन यांनी डेटाबेसवर आयुष्यभर काम केलं. सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्यासोबतचं त्यांचं 'डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स' हे पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जातं. २००८ साली त्यांनी आणि रवींद्र गुरवण्णवर यांनी एक पद्धत मांडली: प्रोग्रामरनं फेऱ्या मारणारा कोड लिहिला असेल तर यंत्रानंच तो ओळखावा आणि शेकडो लहान क्वेरींचं एका मोठ्या क्वेरीत रूपांतर करावं. त्याच गटात पीएचडी केलेले कार्तिक रामचंद्र पुढं मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. डेटाबेसच्या आत लिहिलेली, ओळीमागून ओळ चालणारी फंक्शनं मोडून त्यांना टेबलांच्या भाषेत विरघळवण्याचं त्यांचं काम एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीत आलं. प्रोग्रामरला दोष देत बसण्यापेक्षा त्याची चूक यंत्राला समजावून देणं मला जास्त दिलदारपणाचं वाटतं.

ओआरएम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मी ते रोज वापरतो. साधी नोंद टाकणं, बदलणं, वाचणं यासाठी हातानं एसक्यूएल लिहीत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे, आणि वापरणाऱ्यानं भरलेला मजकूर क्वेरीत घुसवून डेटाबेस पळवण्याचे जे प्रकार होतात, त्यांतले बहुतेक ही साधनं आपोआप अडवतात. २००९च्या सुमाराला आलेल्या नोएसक्यूएलच्या लाटेबद्दलही माझा राग नाही. टेबलंच नकोत, जशी येईल तशी नोंद ठेवा, असं त्या लाटेचं म्हणणं होतं. दहा वर्षांच्या आत, २०१८ मध्ये, त्याच लाटेतल्या मोंगोडीबीनं अनेक नोंदींवरचे एकत्र व्यवहार आणले. तिकडे पोस्टग्रेस या टेबलांच्या डेटाबेसनं जशी येईल तशी नोंद ठेवणारे 'जेसन'चे रकाने आणले. दोन्ही बाजू एकमेकींकडून शिकल्या.

तलाठ्याचं दप्तर मात्र या सगळ्यांच्या आधीचं आहे. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही; दोन्ही मिळून सातबारा. त्याची मुख्य ओळख गट नंबर. गाव नमुना आठ-अ मध्ये तीच माहिती खात्यावार लावलेली असते: हा खातेदार, याच्या नावावर हे-हे गट. प्रोग्रामर ज्याला इंडेक्स म्हणतो, तो हाच. जमिनीवरून माणूस शोधायचा तर सात, माणसावरून जमीन शोधायची तर आठ-अ. आणि या सगळ्यांच्या मागं गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. सातबारावर आज जे दिसतं, ते फेरफारांच्या ओळीनं घडलेलं असतं. जुनं नाव पुसून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. जमीन कुणाकडून कुणाकडे, कधी, कशानं गेली, हे पन्नास वर्षांनंतरही मागं-मागं जात वाचता येतं. डेटाबेसच्या पोटातही अशीच एक नोंदवही असते. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी तिच्यावरूनच सगळं पुन्हा उभं राहतं.

खरेदीखत झालं की लगेच सातबारा बदलत नाही. फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये जातं, आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की मग सातबारावर अंमल दिला जातो. मधल्या काळात जमीन अर्धी या नावावर, अर्धी त्या नावावर अशी कधीच नसते. संगणकात याला ट्रान्झॅक्शन म्हणतात, आणि त्याचा पाया घालणाऱ्या जिम ग्रे यांना त्यासाठी १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हेच न कळता साधनावर विसंबलं तर काय होतं, ते आकड्यांत पाहा. एका गटाचं क्षेत्र दोन हेक्टर. मालकानं एकाला ८० आर विकले, दुसऱ्याला ४० आर. समजा दोन संगणकांवर बसलेले दोन कारकून एकाच क्षणी नोंद करत आहेत. दोघांच्या प्रोग्रामनं आधी उरलेलं क्षेत्र वाचलं: २.००. पहिल्यानं ८० आर वजा करून १.२० लिहिलं. दुसऱ्याच्या स्क्रीनवर अजून २.००च आहे, त्यानं ४० आर वजा करून १.६० लिहिलं. पहिली वजाबाकी पुसली गेली. उरायला हवे होते ८० आर, उरले १ हेक्टर ६० आर. कोडमध्ये दोन्हीकडे 'सेव्ह' एवढाच निरागस शब्द आहे, आणि कुठंही एरर आलेला नाही. पोस्टग्रेस आणि ओरॅकल हे दोन्ही नावाजलेले डेटाबेस त्यांच्या मूळ सेटिंगवर ही चूक अडवत नाहीत. ओळ कुलूपबंद करायला त्यांना सांगावं लागतं. ते सांगायचं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला मी डेटाबेस येतो असं म्हणेन, मग तो एसक्यूएल हातानं लिहो की न लिहो.

नियम कुठं ठेवायचे यावरही प्रोग्रामर तावातावानं भांडतात. काहींना ते कोडमध्ये हवेत, काहींना डेटाबेसमध्येच. सातबारावर एक साधा नियम आहे: खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे. महसुली भाषेत 'क्षेत्राचा मेळ'. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. हस्तलिखितांवरून ते संगणकात आले तेव्हा मेळ नसलेली क्षेत्रं, गळालेली नावं, एकाच माणसाची दोन खाती, असं सगळं सोबत आलं. मग २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झालं: सातबारा लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याची जमीन त्यानं चूक दाखवायची. त्यापाठोपाठ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त्या झाल्या, आणि १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मराठवाड्यात तर निजामाच्या राजवटीतल्या उर्दू नोंदी आणि १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासूनचा धागा जुळवायचा होता. 'रामा', 'रामभाऊ' आणि 'रामराव' हा एकच माणूस की बाप-लेक-नातू, हे कोणतं साधन सांगणार? चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं ते सांगितलं.

माझा कल नियम डेटाबेसमध्ये ठेवण्याकडे आहे, आणि कारण बीडमधलंच आहे. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा मिळू लागला. अर्ज भरायच्या वाटा अनेक: सेवा केंद्र, बँक, शेतकऱ्यानं स्वतः. पुढच्या हंगामांत बीडसह काही जिल्ह्यांत सरकारी जमिनींवर आणि दुसऱ्याच्या गटांवर विमा उतरवल्याचे अर्ज सापडले. २०२५ मध्ये एक रुपयाची ती सवलत बंद झाली. कुणी काय केलं हा तपासाचा विषय. मला त्यात दिसतो तो नोंदीचा प्रश्न: अर्जातला गट नंबर आणि अर्जदाराचं खातं यांची जोडी अधिकार अभिलेखात असल्याशिवाय अर्ज आतच येऊ नये. डेटाबेसमध्ये याला फॉरिन की म्हणतात. हा नियम एका दारावरच्या कोडमध्ये लिहिला तर बाकीची दारं उघडी राहतात. घराच्या पायात बसवला तर कुठूनही या, तो आडवा येतो. आणि ज्या शेतकऱ्याचा गट दुसऱ्यानं आधीच भरून टाकला, त्याला आपलाच अर्ज भरताना झगडावं लागतं, हे नुकसान कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत या वादात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मराठीत प्रश्न विचारा, ती एसक्यूएल लिहून देते, आणि बऱ्याचदा चांगलं लिहिते. नवीन मुलं मला विचारतात, आता जॉइन शिकायचे कशाला? मी त्यांना मुकादमाच्या वहीचं ते टेबल देतो आणि यंत्राला विचारायला सांगतो: यंदा किती ऊसतोड कामगार गेले? टेबलाचं नाव 'कामगार' आहे, म्हणून यंत्र ओळी मोजतं किंवा कोयते मोजतं. क्वेरी व्याकरणाला धरून अचूक असते, उत्तर क्षणात येतं, आणि त्यात जवळजवळ अर्धी माणसं नसतात. कोयता म्हणजे दोघं, हे टेबलात कुठंच लिहिलेलं नाही. ते केजच्या बाजारात कुणालाही माहीत आहे.

बाई वेगळी मोजली की काय दिसतं, हे बीडनं २०१९ मध्ये पाहिलं. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाली, तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. एकेका बाईला विचारलं, तेव्हा हा आकडा समोर आला. कोयत्यांच्या कोणत्याही वहीतून तो कधीच निघाला नसता.

म्हणून ते टेबल मी असं मांडीन. 'व्यक्ती' वेगळी, प्रत्येक माणसाची एक ओळ, बाईचीही स्वतःची. 'कोयता' वेगळा, आणि तो हंगामाशी बांधलेला, कारण यंदाची जोडी पुढच्या वर्षी तीच असेल असं नाही. कधी दोन भाऊ असतात, कधी मायलेक. कोयता आणि व्यक्ती यांना जोडणारं तिसरं टेबल. कोयता पूर्ण की अर्धा, हा रकाना 'कोयता'च्या टेबलात. 'उचल' कोयत्याला जोडलेली, पण पैसे कुणी हातात घेतले त्या व्यक्तीचा रकाना सोबत. मुलं कुणासोबत फडावर गेली आणि कुणाची गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिली, तेही व्यक्तीच्याच ओळीत. आणि एक नियम डेटाबेसच्या पायात: पूर्ण कोयत्याला दोन व्यक्ती जोडल्याशिवाय नोंद पक्की होणार नाही.

प्रोग्रामर कुरकुरेल, फॉर्म लांबला. २०२१ पासून ओळखपत्रांसाठी ऊसतोड कामगारांची नोंदणी ज्यांच्याकडे आली, त्या ग्रामसेवकांचा वेळही जास्त जाईल. मुकादमाच्या वहीतून हे भरून निघणार नाही, कारण बाईचं नाव तिथं नाहीच. ते वस्तीवर, तांड्यावर जाऊन तिलाच विचारावं लागेल, आणि गाड्या दिवाळीच्या आगंमागं निघायला लागतात.